तो अजून यायचाय

धर्माजीच्या तंबूत इंग्रजी चित्रपट लागायचे ते निव्वळ स्वस्त पडायचे म्हणून. देवादिकांच्या चित्रपटाची पेटी मागायला गेलं की मुंबईचा वितरक आधी ताटकळत बसवायचा. रीळं घासून गेलेले जुने इंग्रजी गुन्हेगारीचे चित्रपट मात्र तो जवळजवळ गळ्यात मारायचा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, रेवसहून एस.टी.च्या टपावर अलिबाग आणि पुढे बैलगाडीने नागाव, असा प्रवास करून त्या पत्र्याच्या पेट्या आमच्याकडे पोचायच्या. सोमवार ते बुधवार इंग्रजी, बाकीचे दिवस देवादिक, असा धर्माजीचा शिरस्ता होता. देवादिकांवर त्याचं पोट चालायचं. इंग्रजीवर माझा जीव होता.

ही गोष्ट पंचावन्न सालच्या हिवाळ्यातली. मी नागावच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवत होते. वय तिशीला टेकलेलं, लग्न झालेलं नाही, घरी आई आणि नारळी-पोफळीची वाडी. मुंबईला कॉलेजात असताना फोर्टातल्या थिएटरांत दुपारच्या खेळांना जाऊन बसायची सवय लागली होती, ती नागावात येऊन सुटेल असं आईला वाटत होतं. धर्माजीने तंबू ठोकला आणि आईची आशा संपली.

या चित्रपटांना परदेशात वेगळं नाव आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आम्ही त्यांना काळोखी चित्रं म्हणायचो. ओला रस्ता, त्यावर दिव्याचा लांबट उजेड, खिडकीच्या फळ्यांमधून भिंतीवर पडलेले पट्टे, टोपीच्या कडेखाली न दिसणारे डोळे. आणि एक माणूस, जो पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो की माझं काही खरं नाही, तरी ऐका. दिवसभर मी मुलांना शिकवायचे की गणित नीट मांडलं तर उत्तर बरोबर येतं. संध्याकाळी अशा लोकांच्या गोष्टी बघायचे ज्यांनी सगळं नीट मांडलेलं असतं आणि तरी उत्तर चुकतं. याने मन हलकं का व्हावं ते मला सांगता येणार नाही, पण व्हायचं. त्या तंबूचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी लपवत नाही.

तंबू आक्षी आणि नागावच्या मध्ये, सुरूच्या बनालगत असायचा. पडदा मधोमध टांगलेला. पुढच्या बाजूला बाकं आणि सतरंज्या, मागच्या बाजूला नुसती वाळू, आणि मागचं तिकीट निम्म्या दरात. मागे कोळीवाड्यातल्या बाया बसायच्या. तिथे पाय पसरून बसता येतं आणि मासळीच्या वासाने कोणी नाक धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मागून चित्र उलटं दिसतं, उजवा हात डावा होतो, इंग्रजी अक्षरं पाठमोरी होतात. त्यांच्यातली तुळशी म्हणायची, "वाचायलाच येत न्हाय त्याला उलटा काय नि सुलटा काय?"

ही तुळशी रोज सकाळी पाटी घेऊन आमच्या मागल्या दारी यायची. मासळी निवडून देता देता आदल्या संध्याकाळच्या चित्रपटाचा न्यायनिवाडा करायची. नवऱ्याला मारायला दुसऱ्याला भरीस पाडणारी एक देखणी बाई एका चित्रपटात होती. वाडीवाल्या बायकांनी तिच्या नावाने बोटं मोडली. तुळशीचा निकाल वेगळा होता. "ती वंगाळ न्हाय बाई. तिला काय पायजे ते तिला कोनी इचारलाच न्हाय." कॉलेजात असं बोलणारी मैत्रीण मला मिळाली नव्हती.

भोंग्यातून चित्रपटाची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं ते धर्माजीमुळे. पहिल्या इंग्रजी खेळाला लोक जांभया देऊन उठून गेले तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, तुम्ही कुठं हसता, कुठं दचकता, ते मी बघत होतो. तेच जरा आम्हालाही सांगा ना." मग मी यंत्राशेजारी बसून, चित्रपट चालू असताना, काय चाललंय ते मराठीत सांगू लागले. भोंगा बाहेरच्या खांबावर होता आणि त्याचं तोंड समुद्राकडे होतं, कारण कोळीवाडा त्या बाजूला आणि तेवढीच जाहिरात. बाईमाणूस भोंग्यातून बोलतं म्हणून गावात थोडी कुजबुज झाली. आई म्हणाली, "शाळेत ओरडतेसच. तिथेही ओरड."

मी सांगितलेल्या पहिल्याच चित्रपटात नायकाला गोळी लागली आणि मी स्वच्छ सांगितलं, "तो मेला." पडद्यामागे एकदम गलका झाला. थोड्या वेळाने नीराबाई, कोळीवाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, पडद्याला वळसा घालून माझ्यापाशी आली.

"बाई, होड्या भाईर हायेत."

"अहो नीराबाई, गोष्टीतला माणूस तो."

"पानी काय इचारतंय व्हय, गोष्टीतला का घरातला?"

त्यांच्याकडची रीतच तशी होती. होड्या समुद्रावर असेपर्यंत किनाऱ्यावर कोणी कोणाच्याही मरणाचा शब्द काढायचा नाही. मी विचारलं, मग काय म्हणू? ती म्हणाली, "म्हना, त्यो आजून यायचाय."

तेव्हापासून माझ्या तोंडी त्या चित्रपटांतला एकही माणूस मेला नाही. गोळी लागून जिन्यावरून गडगडत खाली आला, तो अजून यायचाय. गाडीसकट दरीत गेला, तोही यायचाय. खेळ संपेपर्यंत निम्मं शहर यायचं बाकी असायचं. बाकांवरचे वाडीवाले खो खो हसायचे. पडद्यामागे कोणी हसत नसे.

त्या जानेवारीत आलेला चित्रपट एका बंदराच्या शहरातला होता. जहाज कंपनीतला एक कारकून, त्याच्या साहेबाची बायको, तिजोरीतले हिरे. मधल्या एका रीळात धक्क्यावरचा प्रसंग होता. दिव्याच्या खांबाखाली लांब कोट घातलेला एक माणूस उभा आहे. त्याने काहीतरी पाहिलेलं आहे, एवढंच आपल्याला कळतं. दोघे जण मागून येतात आणि त्याला पाण्यात ढकलतात. ते क्षणभर खाली बघतात, कॉलर वर करतात आणि निघून जातात. त्या माणसाला नाव नव्हतं. त्याच्या तोंडी एक वाक्यही नव्हतं. पुढे संपूर्ण चित्रपटात त्याची कोणी चौकशी करत नाही. सोमवारी मी माझं ठरलेलं वाक्य सांगितलं आणि कारकुनाकडे वळले.

मंगळवारी सकाळी तुळशी दारात बसली. मांदेली निवडत म्हणाली, "बाई, त्या ढकललेल्या मानसाचा तुमी पुढं काय सांगितलाच न्हाय."

"त्याचं काय सांगणार? यायचाय अजून," मी हसून म्हटलं.

"आयलाय ना त्यो. त्या बाईच्या खोलीत, खिडकीपाशी उभा हाय. कोटातनं पानी गळतंय. ती दोघं बोलतायत त्यांना दिसत न्हाय. तुमाला पन दिसत न्हाय का?"

मला तो प्रसंग आठवला. खिडकीपाशी कोट अडकवायचा लाकडी खांब होता आणि त्यावर एक कोट. मी तिला समजावलं की मागून चित्र उलटं आणि फिकट दिसतं, त्यामुळे भास होतो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोटाला त्वांड असतंय व्हय?"

संध्याकाळी मी त्या प्रसंगाकडे डोळे लावून बसले. खांब होता, कोट होता, बाकी काही नव्हतं. मला बरं वाटलं. पण खेळ सुटल्यावर कोळीवाड्यातली केसर माझ्यापाशी आली. केसर आणि तुळशी यांचं मासळी सुकवायच्या जागेवरून वाकडं होतं आणि वर्षभर बोलणं नव्हतं. तिने मला विचारलं की तो ओला माणूस गाडीत मागच्या सीटवर बसला होता, तो त्या दोघांना काही करणार आहे का. थोड्या वेळाने तुळशीनेही मला त्याच गाडीचं विचारलं. दोघी एकमेकींकडे न बघता तंबूबाहेर पडल्या.

बुधवारी मी ठरवलं की आपण पडद्यामागे बसून बोलायचं आणि हा घोळ एकदाचा मिटवायचा. धर्माजीने कुरकुरत माइकची तार लांबवून दिली.

त्या दिवशी ऊन कलतानाच समुद्रावरून धुकं यायला लागलं. आमच्याकडे धुकं पडतं ते पहाटे, आणि उन्हं वर आली की विरतं. संध्याकाळी पडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी तंबूकडे निघाले तेव्हा सुरूची झाडं फक्त कमरेपर्यंत दिसत होती. होड्या त्या आठवड्यात संध्याकाळच्या भरतीबरोबर आक्षीच्या खाडीत शिरायच्या. बाकीच्या आल्या होत्या. तुळशीच्या नवऱ्याची, सदा तांडेलाची, होडी आली नव्हती. त्याच्याबरोबर तिचा भाऊ शिवदास होता, आणि तुकाराम आणि कोंडाजी.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांब दांडा आहे. आत शिरायला एकच चिंचोळी वाट, ती नजरेने धरायची. दोन वर्षांपूर्वी स्वच्छ उजेडात तिथे एक होडी उलटली होती. धुक्यात त्या वाटेचा अंदाज येणं शक्यच नव्हतं, आणि भरती ओसरली की होडी बाहेरच्या लाटांत अडकणार होती. हे सगळं पडद्यामागच्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि कोणी एक अक्षर बोलत नव्हतं. तुळशी कडेला बसली होती, तोंड अर्धं समुद्राकडे. होडीला खूण दिसावी म्हणून किनाऱ्यावर पुरुषांनी जाळ केला होता. तंबूपासून तो दिसतही नव्हता.

धर्माजी खेळ रद्द करायला निघाला. नीराबाई म्हणाली, "भोंगा बंद करू नकोस. आवाज ऱ्हाऊ दे."

म्हणून खेळ सुरू झाला. समोरच्या बाकांवर कोणी नव्हतं. मी वाळूवर बायकांमध्ये, तुळशीजवळ बसून सांगत होते. धुकं तंबूत शिरलं होतं आणि यंत्राचा झोत त्यात घट्ट झाल्यासारखा दिसत होता. मागून चित्र खरोखरच फिकट दिसत होतं. धक्क्याचा प्रसंग आला. माणूस उभा राहिला, ढकलला गेला. मी म्हटलं, "तो अजून यायचाय." माझ्या आजूबाजूच्या बायकांनी ते वाक्य हलक्या आवाजात माझ्यामागून म्हटलं. तुळशीने जरा मोठ्याने म्हटलं.

पुढचा प्रसंग साहेबाच्या बायकोच्या खोलीचा. खिडकीपाशी तो होता.

खांब नव्हता, तो होता. कोट अंगाला चिकटलेला, केस कपाळावर, आणि पायाशी फरशीवर पाण्याचा काळा डाग पसरत होता. ती दोघं त्याच्यासमोर उभी राहून हिऱ्यांची वाटणी ठरवत होती. माझा आवाज थांबला असणार, कारण तुळशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी बोलू लागले. त्याचंही सांगू लागले. खिडकीपाशी कोण उभं आहे, ते काय करतंय. तेव्हा मला दिसलं की तो त्या दोघांकडे बघतच नाही. मी बोलत असले की त्याचं डोकं किंचित कललेलं असायचं. वाक्य संपवून मी श्वास घेतला की ते सरळ व्हायचं, पुढचं वाक्य कधी येतंय याची वाट बघितल्यासारखं. मी तीन-चारदा मुद्दाम थांबून पाहिलं. दर वेळी तसंच झालं. मला भीती वाटायला हवी होती. पण त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की आजवर कोणी माझं इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही.

रीळं बदलत गेली. गाडीत तो होता. कचेरीच्या जिन्यावर तो होता. होडीचा पत्ता नव्हता. दोन रीळांच्या मध्ये किनाऱ्यावरून कोणीतरी सांगत आलं की भरती ओसरायला लागली आहे.

शेवटी कारकून पकडला गेला, बाई खुर्चीत बसून राहिली, पडद्यावर उलटी अक्षरं आली. माझा घसा बसला होता. मला वाटलं, आता काय सांगायचं?

तेवढ्यात पुन्हा धक्का दिसला. तोच दिव्याचा खांब. तो माणूस खांबाखाली एकटाच उभा होता.

"सांगा बाई," तुळशी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

मी सांगितलं. तो धक्क्याच्या कडेला आलाय. तिथे दगडी पायऱ्या आहेत. तो पायऱ्या उतरतोय.

पाणी त्याच्या घोट्यांना लागलं. मग गुडघ्यांना.

मी सांगत होते. भोंग्यातून माझाच आवाज धुक्यात फिरून कुठूनतरी परत ऐकू येत होता.

पाणी कमरेला लागलं. त्याने तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"तो हाक देतोय," मी म्हटलं.

पडद्यावरून काही ऐकू आलं नाही. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. माझ्या शेजारच्या एका बाईने पदर तोंडात धरला.

तो छातीभर पाण्यात गेला. मग फक्त डोकं आणि हात राहिले. मग नुसतं धुकं.

मी सांगत राहिले. काय सांगितलं ते आठवत नाही. पुरुषांचा आरडाओरडा ऐकू आला तेव्हा तुळशी उठून धावत सुटली होती.

आम्ही सगळ्याच धावलो. पाण्याच्या कडेला काही दिसत नव्हतं, फक्त वाळूवर लाकूड घासल्याचा आवाज आला. अशा वेळी बाया एकेकाचं नाव घेऊन हाक मारतात आणि पाण्यातला माणूस ओ देतो. ओ आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. नवऱ्याला तुळशी नावाने हाक कशी मारणार, म्हणून पहिली हाक नीराबाईने मारली.

"सदा."

"ओ."

"शिवदास."

"ओ."

तुकारामाची आली, कोंडाजीची आली. तुळशी वाळूवर खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले. आजूबाजूच्या बायका माझे हात धरून, माझ्या तोंडावरून हात फिरवत होत्या, जणू होडी मीच ओढून आणली होती.

सदा माझ्यापाशी आला. थंडीने त्याचे दात वाजत होते. "बाई, तुमचा भोंगा आयकला. पन धुक्यात त्यो चारी बाजूंनी यायचा, काय कळंना. मंगा कोंडाजीनं हाक मारली. समोरनं ओ आयली. परत मारली, परत ओ. आमी त्या ओवर होडी धरली नि आत आयलो. कोन हुता तुमचा त्यो मानूस?"

"कुठून आली ओ?"

"वाटंच्या मधोमध उभा हुता. त्या जागी दोन पुरुस पानी हाय बाई."

  होडी वर ओढायला पुरुष वाकले होते.

तेव्हा पाण्यातून पुन्हा आवाज आला. जवळून, दमलेला.

"ओ."

कोणी हाक मारली नव्हती. त्याला नाव नव्हतं, मारणार तरी काय? होडी धरलेले हात तसेच राहिले. पाणी वाळूवर चढलं, उतरलं.

तुळशीने डोळे पुसले. उभी राहिली. घरच्या माणसाला म्हणावं तसं, धुक्याकडे बघून म्हणाली, "या."

मग आम्ही सगळे वर चालू लागलो. मागे वळून कोणी पाहिलं नाही.

तंबूत धर्माजी यंत्र झाकत होता. मी त्याला म्हटलं, शेवटचा तुकडा आधी दोन दिवस कसा दाखवला नाहीत? तो म्हणाला, "कुठला तुकडा? अक्षरं आली तेव्हाच मी दिवा बंद केला. भोंग्यासाठी नुसतं विजेचं इंजिन चालू ठेवलं. तुम्ही काळ्या कापडासमोर बसून बोलत होता बाई. मी म्हटलं, बोलू दे."

त्यानंतर पुष्कळांनी मला समजावलं आहे. काळजी, दमणूक, धुक्यातले पडसाद, एकीने पाहिलं म्हणून दुसरीने पाहिलं. दुसऱ्या कोणी ही हकिगत मला सांगितली असती तर मीही त्याला हेच सांगितलं असतं. पण चार माणसं घरी आली. उपकार मानायला कारणमीमांसा लागत नाही, आणि त्या संध्याकाळनंतर मी ती फारशी शोधलीही नाही.

गुरुवारी पेट्या परत जायच्या होत्या. पण कोळीवाड्याने धर्माजीला अडवलं आणि त्यालाही आनंद झालेला होता, म्हणून त्याने त्या संध्याकाळी तोच चित्रपट सगळ्यांना फुकट दाखवला. होड्या त्या दिवशी बाहेर गेल्याच नव्हत्या. सदा आणि त्याचे सोबती धुतलेले सदरे घालून पुढच्या बाकांवर येऊन बसले होते. शेजारच्या वाडीवाल्यांनी त्यांना सरकून जागा दिली. आकाश स्वच्छ होतं. मी पुन्हा यंत्राशेजारी, माझ्या नेहमीच्या जागी बसले. बाया पडद्यामागे गेल्या. तुळशी आणि केसर बरोबर गेल्या.

माझा घसा अजून बसलेला होता, पण सांगताना इतकं सुख मला क्वचितच झालं असेल. कारकुनाचा पहिला मोह आला, ओला रस्ता आला, भिंतीवरचे पट्टे आले. सदा पहिल्यांदाच काळोखी चित्र बघत होता. साहेबाच्या बायकोने जिन्यावरून खाली पाऊल टाकलं तेव्हा तो शिवदासला म्हणाला, "हा आता गेला कामातनं," आणि सगळा तंबू हसला.

धक्क्याचा प्रसंग आला. दिव्याचा खांब दिसला. खांबाखाली कोणी नव्हतं.

ते दोघे मागून आले. त्यांनी हात पुढे केले आणि रिकाम्या जागेला धक्का दिला. ते क्षणभर खाली पाण्याकडे बघत राहिले, कॉलर वर केली आणि निघून गेले.

धर्माजी माझ्या कानाशी पुटपुटला, "रीळ कुठं कापलंय का हो?" त्याने दुपारी स्वतः सगळी रीळं तपासून गुंडाळली होती.

 माइक हातात धरून मी गप्प बसले. होड्या किनाऱ्यावर होत्या. आज पाहिजे तो शब्द उच्चारायची मला मोकळीक होती, पण ज्याच्याबद्दल उच्चारायचा तो पडद्यावर नव्हता. बाकांवरची माणसं मागे वळून माझ्याकडे बघू लागली.

पडद्यामागून तुळशीचा आवाज आला. "पुढचा सांगा बाई. त्याचा सांगू नका आता. त्यो हितं बसलाय."

कोणी हसलं नाही. मागे सगळ्या बायाच होत्या आणि त्यांच्यात विडी ओढणारं कोणी नव्हतं. तरी काडी ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कापडातून लहानसा पिवळा उजेड दिसला, बायकांच्या ओळीत, खाली बसलेल्या माणसाच्या तोंडाशी असावा तेवढ्या उंचीवर. तो थोडा वेळ तिथे राहिला आणि विझला.

मी माइक तोंडाशी धरला आणि आवाज चढवून पुढची गोष्ट सांगू लागले, मागेही नीट ऐकू जावी म्हणून.